हवापालटापासून हिमक्रीडेपर्यंत

दिवाळीचा फराळ संपत आला की इंदूर, देवास, धारच्या मराठी घरांत सहलीची बोलणी सुरू होतात, आणि अलीकडे त्या बोलण्यांत बर्फ हमखास असतो. गुलमर्ग की मनाली, औली की थेट स्वित्झर्लंड; नुसता बर्फ पाहायचा की पायाला स्की बांधायच्या; जानेवारी बरा की फेब्रुवारी. ही निवड आपल्याला अगदी आजची आणि आपल्या स्वतःच्या मर्जीची वाटते. पण ऋतू पाहून मुक्काम ठरवण्याची रीत जुनी आहे. बादशहा, सेनापती, डॉक्टर, हॉटेलवाले अशा अनेकांच्या हातांतून फिरत ती आपल्यापर्यंत आली आहे, आणि तिचे एक आरंभीचे टोक खुद्द धारपासून ३५ किलोमीटरांवर, मांडूच्या पठारावर सापडते. तिथूनच आपण निघू.

भोज राजाची धारानगरी मैदानात वसलेली. मांडू मात्र दोन हजार फूट उंचीवर, तीन बाजूंनी निमाडाकडे उतरणारे कडे आणि उत्तरेला काकडा खोहची दरी. होशंगशाह १४०६ साली गादीवर आला आणि माळव्याची राजधानी त्याने धारहून या पठारावर नेली. कारण अर्थातच संरक्षणाचे होते. पण तटाच्या आत तळी होती, वारा होता आणि पावसाळ्यात चोहीकडे हिरवे रान होते. राहणाऱ्यांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. गडाचे नाव शादियाबाद, म्हणजे आनंदनगर, असे पडले. गियासुद्दीनच्या काळात (१४६९ ते १५००) मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर जहाजमहाल उभा राहिला. लढाईच्या दृष्टीने या इमारतीचा काडीचाही उपयोग नाही. भरल्या तळ्यांच्या मधोमध गच्चीवर बसून पाऊस पाहणे, एवढेच तिचे प्रयोजन. किल्ला म्हणून निवडलेले ठिकाण अशा रीतीने तीन पिढ्यांत मोसमी सुखाचे ठिकाण झाले होते.

या सुखाची कीर्ती ऐकून १६१७ च्या मार्चमध्ये जहांगीर बादशहा मांडूला आला. येण्याआधी त्याने अब्दुल करीम नावाच्या अधिकाऱ्याला पुढे धाडून जुन्या सुलतानांचे पडके महाल दुरुस्त करून घेतले; खर्च तीन लाख रुपये. पुढचे सात महिने मोगल साम्राज्याची राजधानी व्यवहारात धार जिल्ह्यातच होती. पावसाळ्यातल्या मांडूवर बादशहा बेहद्द खूष झाला. दिवसा पंख्याची गरज नाही आणि रात्री पांघरुणावाचून चालत नाही, अशी नोंद त्याने आत्मचरित्रात केली. याच मुक्कामात नूरजहाँने हत्तीवरच्या हौद्यातून सहा गोळ्यांत चार वाघ पाडले आणि ऑक्टोबरात दख्खनहून परतलेल्या खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. मात्र इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच सहलीला आला होता आणि त्याची कहाणी निराळी आहे. त्याला धड घर मिळाले नाही, एका जुन्या मशिदीच्या आणि थडग्याच्या आवारात बिऱ्हाड थाटावे लागले. उन्हाळ्यात पाण्याची अशी टंचाई झाली की लवाजम्यातली माणसे हैराण झाली, आणि रात्री सिंह आवारात शिरून मेंढरे उचलून नेऊ लागला. सिंहाला मारावे तर बादशहाची परवानगी हवी. मोसमाच्या दोन महिने आधी पोचले म्हणजे काय होते, याचा इतका चांगला लेखी दाखला दुसरा सापडणार नाही.

मराठ्यांचा ऋतूचा हिशेब याच्या बरोबर उलटा. पावसाळ्यात छावणी, घोड्यांना विश्रांती, शेताची कामे. दसऱ्याला शिलंगण झाले की स्वारी बाहेर. हिवाळा हा मुलुखगिरीचा मोसम, आणि यंदा कुठे जायचे हे नद्यांचे उतार, चारा आणि चौथाईची आशा यांवर ठरे. १७२८ च्या हिवाळ्यात ही निवड माळव्यावर पडली. चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडून घाट चढली आणि २९ नोव्हेंबरला आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याजवळ तिने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याला गाठले. सुभेदार पडला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. उदाजी पवार, मल्हारराव होळकर या स्वारीत होते. पुढे पवारांची एक शाखा धारला स्थिरावली, तर तुकोजी आणि जिवाजी या भावांची दोन घराणी देवासला; थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे. या दृष्टीने पाहिले तर धार-देवासची मराठी वस्ती हेच मुळी एका हिवाळी निवडीचे फळ आहे.

शंभर वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी सर जॉन माल्कम येतो आणि कथेला वळण लागते. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह, त्याच वर्षी महूची छावणी, आणि पाठोपाठ देवास व धार या संस्थानांशी करार, हे सारे त्याच्या हाताखाली झाले. माळव्याची घडी बसवत असताना उन्हाळ्यासाठी त्याने मांडूच्या वाटेवरच्या नालछ्यातला एक पडका महाल राहण्याजोगा करून घेतला. आत मुक्कामाला असलेल्या वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना आधी हुसकावावे लागले, असे सांगतात. हाच माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. जनरल लॉडविक १८२४ साली महाबळेश्वरचे पठार चढून आला होता, पण तिथे आजारी शिपायांसाठी आरोग्यधाम उभारून ठिकाणाला सरकारी मान्यता दिली ती माल्कमने, १८२८ मध्ये. पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाईजवळचे खंडाळे देऊन त्याने महाबळेश्वर कंपनीकडे घेतले, आणि बाजारपेठेला माल्कमपेठ नाव पडले. नालछ्याच्या उन्हाळ्यांनी त्याला थंड पठाराची चटक लावली असावी, असे मला वाटते. ते काही असो, निवडीचे कारण आता बदलले होते. जहांगीर मौजेसाठी आला होता. माल्कमपेठेला माणसे डॉक्टरच्या चिठ्ठीवर येऊ लागली.

डॉक्टरची चिठ्ठी आणि बर्फ यांची गाठ मात्र आल्प्समध्ये पडली, आणि इथे आपल्याला थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या सगळ्या हिमक्रीडांचे मूळ या गाठीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात हिवाळ्यात डोंगरात जाणे हे वेडाचे लक्षण मानले जाई. सेंट मॉरित्झचा हॉटेलमालक योहानेस बाद्रुट याने १८६४ साली उन्हाळ्यातल्या चार इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: नाताळात या, ऊन मिळाले नाही तर प्रवासखर्च माझा. ते आले आणि म्हणे ईस्टरपर्यंत हललेच नाहीत. ही गोष्ट हॉटेलवाल्यांनी इतकी सांगितली आहे की तिच्यातली मीठमिरची वेगळी काढणे अवघड. दावोसची हकीकत त्याहून भक्कम आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. १८४८ च्या जर्मन क्रांतीतून पळून आलेला अलेक्झांडर श्पेंग्लर तिथे खेड्यातला डॉक्टर म्हणून काम करत होता. १,५६० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यातल्या माणसांना क्षय जवळजवळ होत नाही, हे त्याच्या लक्षात आले. १८६५ च्या फेब्रुवारीत ऐन बर्फात दोन क्षयरोगी घसरगाडीतून तिथे पोचले, आणि त्यांना बरे वाटू लागले. दूध, व्हेल्टलिनची दारू, थंड पाण्याचे फवारे आणि चालणे, असा श्पेंग्लरचा उपचार होता. पुढे सॅनेटोरियमे निघाली तशी गॅलरीत लांब खुर्चीवर पडून राहण्याची पद्धत आली. उणे तापमानात, केसाळ कांबळ्यात गुंडाळून, तासन्‌तास. तोंडात थर्मामीटर आणि खिशात थुंकीसाठी निळ्या काचेची झाकणाची कुपी.

आता अशा गावात काय होईल याची कल्पना करा. शेकडो पैसेवाले रुग्ण, त्यांच्याबरोबर आलेले धडधाकट नवरे, बायका, भाऊ, आणि सहा महिने करायला काही नाही. समोर उतार आणि उतारावर गावकऱ्यांच्या लाकडी घसरगाड्या, ज्यांवरून ते दूध आणि टपाल आणत. इंग्रज लेखक जॉन ॲडिंग्टन सायमंड्स हा स्वतः क्षयरोगी. त्याच्या पुढाकाराने १८८३ च्या फेब्रुवारीत दावोसहून क्लोस्टर्सकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शर्यत लागली. ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज रॉबर्टसन आणि क्लोस्टर्सचा टपालवाला पीटर मिन्श यांची बरोबरी झाली. ज्याला ती गाडी पोटासाठी रोज हाकावी लागे तो आणि ज्याने ती हौसेने हाती धरली तो, दोघेही एकदमच पोचले. ईर्षेला पेटलेल्या सेंट मॉरित्झने दोनच हिवाळ्यांत बर्फाची क्रेस्टा धाव बांधली. ऑलिंपिकमधली ल्यूज आणि स्केलेटन ही याच शर्यतींची नातवंडे.

स्कीचे घराणे वेगळे, नॉर्वेचे. टेलेमार्कच्या सोंद्रे नोर्हाइमने टाच बांधणाऱ्या नव्या बंधांनिशी १८६८ साली राजधानीतल्या लोकांना थक्क केले; फ्रिट्योफ नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले, आणि त्याचे पुस्तक वाचून मध्य युरोपातल्या हौशी लोकांनी त्या लांब फळ्या मागवल्या. अशाच हौशी लोकांत दावोसमध्ये आपल्याला आर्थर कॉनन डॉयल भेटतो. पत्नीला क्षय झाला म्हणून त्याने १८९३-९४ चा हिवाळा तिथे काढला. याच डिसेंबरात त्याने होम्सला धबधब्यात ढकलले होते, तेव्हा हात रिकामे होते. दावोसच्याच ब्रांगर बंधूंबरोबर मार्चमध्ये तो खिंड ओलांडून आरोसाला उतरला, आणि घसरपट्टीत आपल्या न झिजणाऱ्या ट्वीडच्या पाटलोणीचे काय झाले हे त्याने मासिकात मिस्कीलपणे लिहिले. एक दिवस शेकडो इंग्रज खास स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीतही त्याने केले. ते खरे करणाऱ्या माणसाचा हिंदुस्थानशी संबंध होता. डॉ. हेन्री लन हा मद्रासकडे मिशनरी डॉक्टर म्हणून आला, प्रकृती बिघडून परतला आणि प्रवासी कंपनी काढून आल्प्समधली हॉटेलेच्या हॉटेले हिवाळाभर ताब्यात घेऊ लागला. त्याचा मुलगा अर्नोल्ड १८८८ मध्ये मद्रासेत जन्मला. आज स्लालोम म्हणून जी वळणावळणांची शर्यत ओळखली जाते तिचे नियम त्याने १९२२ मध्ये म्युरेन इथे घालून दिले. शामोनीचे पहिले हिवाळी ऑलिंपिक १९२४ चे, दावोसची पहिली स्कीखेच दोरी १९३४ ची. आजाऱ्यांचा विरंगुळा हा धडधाकटांचा उद्योग झाला होता, आणि ठिकाणाची निवड डॉक्टरकडून हॉटेलवाल्याकडे व रेल्वेकडे गेली होती. याच काळात काही इंग्रज उलट्या वाटेने उन्हाच्या शोधात निघत. १९१२ च्या नाताळात कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासला पोचला, तो अशाच हिवाळी पाहुण्यांपैकी.

आपल्याकडे हवापालटाची गोष्ट बर्फापर्यंत पोचली नाही. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचे बेल-एअर, मिरजेला वॉनलेसवाडी अशी क्षयाची आरोग्यधामे झाली. पाचगणीची खरी भरभराट झाली ती निवासी शाळांमुळे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठून जीपच्या टपावर पांढरा थर धरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतो. महाराष्ट्राचा बर्फ तेवढाच.

देवासची हकीकत मात्र दावोसच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. तेवीस वर्षांचे गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले आणि कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीअखेर देवासला आले. गाणे बंद. पाच-सहा वर्षे बरीचशी अंथरुणावर. दावोसच्या रुग्णाला गॅलरीतून उतारावरची पोरे दिसत; कुमारांना अंथरुणावर माळव्यातल्या बाया-माणसांची गाणी ऐकू येत होती, लग्नाची, पावसाची, भिक्षेकऱ्यांची. रिकाम्या वेळात दावोसच्या लोकांनी घसरगाडी उचलली तशी कुमारांनी ती गाणी उचलली, टिपली, त्यांतल्या धुनांतून राग शोधले. स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले; १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले ते मुख्यतः एका फुफ्फुसाच्या बळावर, आणि आखूड, झेपावणाऱ्या तानांचे एक नवेच गाणे घेऊन. पुढे त्यांनी ऋतूंचे कार्यक्रम बांधले: गीत वर्षा, गीत हेमंत, गीत वसंत. बरे झाल्यावरही ते देवास सोडून गेले नाहीत. टेकडीच्या पायथ्याच्या ‘भानुकुल’ या आपल्या घरातच १२ जानेवारी १९९२ ला गेले. याच औषधाने दावोसचा जुना धंदा मोडला. क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होऊ लागला तशी सॅनेटोरियमे ओस पडली आणि १९५० नंतर एकेक करून त्यांची हॉटेले झाली. जिथे रुग्ण पडून राहत त्याच गॅलऱ्यांत आता स्कीचे ओले मोजे वाळू लागले.

हिंदुस्थानातला बर्फाचा खेळ इंग्रजांनी आपल्या सोयीने आणला. शिमल्याचे उघड्यावरचे स्केटिंग १९२० चे, गुलमर्गचा स्की क्लब १९२७ चा. फाळणीनंतर त्यात खंड पडला. १९६० च्या दशकाअखेर गुलमर्गला सरकारी स्की आणि गिर्यारोहण संस्था निघाली, आणि गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव १९६४ साली इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोव्स्कीने नेले. १९९८ पासून मनालीजवळचा शिव केशवन ल्यूजवर उतरू लागला, आणि २०२२ मध्ये बेजिंगला तनमर्गचा आरिफ खान स्कीवर. पण मराठी कुटुंबाला बर्फाची ओढ लावली ती खेळाडूंनी नव्हे. ‘जंगली’तले काश्मीर (१९६१), ‘संगम’मधले स्वित्झर्लंड (१९६४), आणि ‘दिलवाले दुल्हनिया’तले बर्फाळ उतार (१९९५) यांनी ती लावली. केसरीसारख्या मराठी सहल कंपन्यांनी तिला पोळीभाजीसकट वाट करून दिली. म्हणून आपली हिमसहल अजून बरीचशी बर्फ पाहण्याची सहल आहे. गुलमर्गच्या पायथ्याच्या तनमर्गला भाड्याचा कोट आणि दुसऱ्याच्या मापाचे गमबूट, वर गेल्यावर दोरी ओढणारा माणूस आणि त्याच्या लाकडी स्लेजवर बसलेले आजी-आजोबा, फोटो, कहवा, परत. यात वाईट काही नाही. पण दीडशे वर्षांच्या या प्रवासाचे शेवटचे स्टेशन गाठून फलाटावरच चहा पिऊन परतावे, तसे ते मला वाटते.

आज या निवडीत आणखी एक भागीदार शिरला आहे: हवामान. १८६५ मध्ये दावोसला बर्फ असेल का, असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आता आल्प्समधली कमी उंचीवरची केंद्रे यंत्रांनी बर्फ पाडून तग धरतात, काही बंदही झाली. बेजिंगचे ऑलिंपिक जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाले. गुलमर्ग २,६५० मीटरवर असूनही बर्फाची खात्री आता देऊ शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत तिथली कुरणे तपकिरी होती आणि खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीअखेरीवर ढकलावे लागले. २०२५ मध्ये ते मार्चपर्यंत लांबले. त्यामुळे ठिकाण ठरवताना गावाचे नाव दुसरे, उंची आणि महिना पहिले. जपानच्या होक्काइदोला सैबेरियाचे वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात, म्हणून तिथे कमी उंचीवरही बर्फ मुबलक. दक्षिण गोलार्धात, न्यूझीलंड वा चिलीत, हंगाम आपल्या आषाढ-श्रावणात. सेंट मॉरित्झ, दावोस सुंदर आणि महाग. नवशिक्याला त्या खर्चात गुलमर्ग किंवा औलीला शिक्षकासह आठवडा काढून बरेच पैसे उरतील.

तेव्हा माळव्यातून यंदा कोणी निघणार असेल, तर एवढे करावे. नाताळचे आणि जानेवारीच्या सुरुवातीचे आरक्षण टाळून फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगावर ३,९०० मीटरांच्या पुढे नेतो. तो पाहण्यासाठी ठीक, पण तिथून स्कीवर उतरणे नवशिक्याचे काम नाही. पहिले दोन दिवस खालच्या सौम्य उतारावर, बूट स्वतःच्या मापाचे घेऊन, शिक्षकाच्या हाताखाली काढावेत. पडणे त्यातच होऊन जाते आणि तिसऱ्या दिवशी खेळ सुरू होतो. आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढावे, कारण मोठा हिमपात झाला की तनमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरांचा घाट चाकांना साखळ्या असल्याशिवाय सोडत नाहीत, आणि कधीकधी तेवढ्यानेही भागत नाही.